घोंगडीतली ठिणगी आणि माहुलीवरची वीज

हस्ताचा पाऊस शहापूर-मुरबाडकडे कधी मुकाट्याने येत नाही. आषाढातला पाऊस संततधार लावतो, श्रावणातला ऊनसावलीशी खेळतो. पण हस्ताचा आणि त्याच्या मागून येणारा चित्रेचा पाऊस गर्जत येतो. दुपारपर्यंत आभाळ धुतल्यासारखे असते. हळवे भात पिवळे पडलेले असते, खाचराखाचरांतून माणसे विळे घेऊन वाकलेली असतात. तीनसाडेतीनच्या सुमारास घाटमाथ्याच्या बाजूला, आजोबाच्या डोंगरामागे किंवा माळशेजच्या अंगाला, एक ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगू लागतो. तासाभरात त्याचा काळा तळ खाली येतो आणि मग ज्याची भीती ते घडते. कुठे बांधावरचा ताड उभा चिरला जातो, कुठे चरायला सोडलेली बैलजोडी जागच्या जागी आडवी होते, आणि एखाद्या वर्षी कापणी करणारे माणूसच घरी परत येत नाही. ऐन दिवाळीच्या तोंडावर त्या पाड्यावर पणती लागत नाही.

ज्याच्यावर वीज पडली तो पायाळू असला पाहिजे, असे मग कोणीतरी म्हणते. पायांकडून जन्मलेल्या माणसाकडे वीज ओढली जाते, हा समज आपल्याकडे कोकणापासून वऱ्हाडापर्यंत आहे. ढग दाटून आले की घरातल्या पायाळू मुलाला आई ओसरीवरून आत घेते. या समजुतीला नुसते हसून भागत नाही. ‘वीज याच्यावरच का पडली?’ हा प्रश्न तिच्या पोटात आहे आणि तो प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर शोधायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाची सुरुवात ढगांपासून झाली नाही. ती झाली कपड्यावर घासलेल्या एका पिवळ्या खड्यापासून.

पण आधी घरातलीच गोष्ट घेऊ. पौषात म्हशाच्या जत्रेहून आणलेली नवी घोंगडी कोरड्या थंडीच्या रात्री अंधारात झटकन ओढली, तर तिच्यातून चटचट आवाज येतो आणि बारीक निळसर ठिणग्या दिसतात. मुले ती पुनःपुन्हा ओढतात आणि आजी रागावते. हाच खेळ केस विंचरायच्या फणीशीही करता येतो. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकची फणी दहावीस वेळा फिरवावी आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्यावी. कपटे उडी मारून तिला चिकटतात. श्रावणात हा प्रयोग करून पाहणाऱ्याची मात्र निराशा होते. दमट हवेत फणीवर पाण्याचा अदृश्य पापुद्रा बसतो आणि फणीने जमवलेले त्या वाटेने केव्हाच निघून जाते. कोकणपट्टीत वर्षाचे चार महिने या विद्येला सुट्टी असते म्हणा ना!

फणीने जमवलेले हे जे काही, त्याला आपण आज विद्युत्‌भार म्हणतो. तो वाहत नाही, एका जागी साठून राहतो, म्हणून या प्रकाराला स्थिर विद्युत् असे नाव आहे. नाव सोपे असले तरी वस्तू ओळखायला फार कठीण गेली.

ग्रीक लोकांना अंबर हा खडा ठाऊक होता. तो म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या झाडांचा गोठून दगड झालेला डिंक. इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमारास होऊन गेलेल्या थेलीस या तत्त्वज्ञाच्या नावावर या खड्याच्या आकर्षणाची नोंद सांगतात. ग्रीक भाषेत अंबराला ‘एलेक्ट्रॉन’ म्हणत आणि इलेक्ट्रिसिटी हा शब्द त्यातूनच निघाला. आपल्याकडेही हा खडा अनोळखी नव्हता. संस्कृतात त्याला तृणमणी म्हणतात, तृणकांतही म्हणतात. फारशीतल्या त्याच्या नावाचा अर्थही ‘गवताची काडी पळवणारा’ असाच आहे. म्हणजे वस्तूचा गुण आपण नावातच घालून ठेवला होता! मिथिलेच्या शंकरमिश्राने पंधराव्या शतकात वैशेषिक सूत्रांवर टीका लिहिली, तीत लोहचुंबकाकडे जाणाऱ्या सुईबरोबर तृणकांताकडे जाणाऱ्या काडीचाही उल्लेख आहे. ती का जाते? तर ‘अदृष्टा’मुळे, म्हणजे न दिसणाऱ्या कारणामुळे.

हे उत्तर चुकीचे नाही, कारण ते कारण खरोखरच दिसत नाही. परंतु या उत्तराने पुढचा प्रश्न मिटला. तृणमण्यासारखे आणखी कोणते पदार्थ वागतात, हे घासून पाहावे असे त्यानंतर कोणाला वाटले नाही. युरोपातही दोन हजार वर्षे कोणाला वाटले नव्हते, तेव्हा आपणच मागे राहिलो असे मानायचे कारण नाही. आमच्या ग्रंथांत सर्व काही होते असे म्हणणाऱ्यांना आणि काहीच नव्हते असे म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हा तृणमणी एकदा हातात घ्यायला द्यावा.

घासून पाहणारा पहिला माणूस इंग्लंडचा विल्यम गिल्बर्ट. हा धंद्याने वैद्य. १६०० साली प्रसिद्ध झालेल्या चुंबकावरील ग्रंथात त्याने काच, गंधक, लाख, हिरा असे कितीतरी पदार्थ घासून पाहिल्याचे लिहिले आहे. टोकावर मोकळी फिरणारी हलकी सुई करून तो ती प्रत्येकाजवळ धरी. अंबराचा गुण अंबरापुरता नाही, हे त्याने दाखवले आणि चुंबकाचे आकर्षण व हे आकर्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत हेही सांगितले. एका खड्याच्या अंगचा चमत्कार तिथे संपला आणि पदार्थमात्राची विद्या सुरू झाली.

यानंतरच्या मंडळींत मला सर्वांत जवळचा वाटतो तो स्टीफन ग्रे. कँटरबरी गावच्या रंगाऱ्याचा हा मुलगा, स्वतःही कापड रंगवणारा. म्हातारपणी लंडनच्या एका धर्मादाय आश्रमात राहात असता, १७२९ साली, त्याने काचेची नळी घासून पिसे उचलण्याचा खेळ मांडला होता. धूळ जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडाला बूच लावलेले होते. नळी घासली तेव्हा पीस काचेकडे न जाता बुचाकडे गेले! बूच तर कोणी घासलेच नव्हते. म्हणजे हा गुण एका वस्तूतून दुसरीत जातो तर! मग त्याने बुचात काडी खोचली, काडीला हस्तिदंती गोळी लावली, पुढे गोळी सुतळीने टांगली. गुण तिथेही पोहोचला. सुतळी किती लांब करावी? घराच्या सज्जातून खाली सोडून पाहिली, तरी पोहोचला.

आडवी दोरी बांधायची वेळ आली तेव्हा मात्र अडले. दोरी तुळईला सुतळीनेच टांगली तर गुण वाटेतच नाहीसा होई. व्हीलर नावाच्या मित्राने सुचवले की टांगायला रेशमाचा धागा घेऊ. तो बारीक असतो, त्यातून कमी गळेल. रेशमाने काम झाले. पुढे वजनाने रेशीम तुटले, तेव्हा तितकीच बारीक पण बळकट अशी पितळेची तार लावली. आणि सगळे बिघडले! तार रेशमाएवढीच बारीक असूनही गुण साफ गळून गेला. तेव्हा दोघांच्या ध्यानात आले की जाडीबारीकीचा इथे संबंधच नाही. धातू वाट देतो, रेशीम वाट अडवते. वाहक आणि दुर्वाहक हा भेद असा एका तुटलेल्या धाग्याने जगाला शिकवला. पुढे त्यांनी सहाशे फुटांहून अधिक अंतरावर हा गुण दोरीवरून नेला. १७३० साली ग्रेने एका मुलाला रेशमी दोरांनी आडवा टांगून त्याच्या पायांजवळ घासलेली नळी धरली, तर पितळेच्या वर्खाचे कपटे उडून मुलाच्या तोंडाकडे धावू लागले. माणसाचे शरीरही वाहक आहे, हे त्यातून दिसले. शेतात उभ्या असलेल्या माणसाचे सारे दैव या एका वाक्यात आहे, पण ते कळायला अजून वेळ होता.

(आग्रा रस्त्याने कसाऱ्याच्या घाटाकडे जाणाऱ्या तेलाच्या टाकीगाड्यांखाली पूर्वी लोखंडी साखळी जमिनीला घासत लोंबताना दिसे. ती ग्रेची पितळी तारच होती. घर्षणाने गाडीच्या अंगावर साठलेला भार जमिनीत उतरावा, ठिणगी पडू नये, हा तिचा उद्देश. भिवंडीच्या बाजूला कृत्रिम धाग्याचे माग चालवणाऱ्यांनाही हा भार थंडीत छळतो. धागे एकमेकांपासून फिसकटतात, कचरा ओढून घेतात, आणि त्यावर हवा ओलसर ठेवणे हा उपाय आहे.)

फ्रान्सच्या द्यु फे याने १७३३ साली आणखी एक गोष्ट पाहिली. घासलेल्या काचेला शिवून भारलेला सोन्याचा वर्ख काचेपासून दूर पळतो, पण घासलेल्या राळेकडे धावतो. म्हणजे भार दोन जातींचे आहेत. सजातीयांचे पटत नाही, विजातीयांचे पटते. त्याने त्यांना काचेचा आणि राळेचा अशी नावे दिली. ती बदलली अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने. फ्रँकलिन छापखानदार आणि दुकानदार. जमाखर्चाची वही हा त्याच्या रोजच्या हाताखालचा विषय. १७४७ च्या सुमारास त्याने असे मांडले की घासल्याने वीज निर्माण होत नाही, ती फक्त इकडची तिकडे होते. एकाच्या खात्यात जितकी जमा, तितकीच दुसऱ्याच्या खात्यात नावे. जास्त झाले तिथे अधिक, कमी झाले तिथे उणे. लक्ष्मीपूजनाला वही पुजणाऱ्या कोणाही पेढीवाल्याला हे समजावून सांगावे लागू नये. मराठीत तर आपण या दोन भारांना धन आणि ऋण म्हणतो, म्हणजे संपत्ती आणि कर्ज.

फ्रँकलिनचा जमाखर्च बरोबर निघाला. धन कोणते आणि ऋण कोणते ही निवड मात्र त्याने अंदाजाने केली होती. १८९७ साली जे. जे. टॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा कळले, की घासताना जो कण एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो तो ऋण आहे. केसांतून फणीकडे इलेक्ट्रॉन जातात. फणीला मिळकत होते आणि तिलाच कर्जदार म्हणावे लागते! केस मात्र इलेक्ट्रॉन गमावून धन होतात. ही उलटापालट आता जगभर पाठ्यपुस्तकांत कायम झाली आहे आणि कोणी ती बदलणार नाही.

फ्रँकलिनच्या डोक्यात दुसराही एक विचार घोळत होता. घासलेल्या नळीची ठिणगी आणि आभाळातली वीज यांचा रंग तोच, वाकडी वाट तीच, चटका आणि आवाज त्याच जातीचे. मग वस्तूही एकच असेल का? टोकदार लोखंडी गज उंच उभारून ढगातला भार खाली आणता येईल, अशी युक्ती त्याने लिहून कळवली. ती प्रथम फ्रान्समध्ये खरी झाली. १७५२ सालच्या मे महिन्याच्या १० तारखेला पॅरिसजवळच्या मार्ली गावी सुमारे चाळीस फूट उंच गजापाशी कोइफिए नावाचा निवृत्त शिपाई राखणीला होता. ढग आला, गडगडला आणि शिपायाने हातातली दुर्वाहक दांड्याची तार गजाजवळ नेताच ठिणगी उडाली. गावचा पाद्री गारांच्या माऱ्यात धावत आला आणि त्यानेही ठिणग्या काढल्या. पुढच्या महिन्यात फ्रँकलिनने स्वतः पतंग उडवून तेच पाहिले असे सांगतात. पण १७५३ च्या ऑगस्टमध्ये रशियाच्या पीटर्सबर्ग शहरात रिखमान हा प्राध्यापक असाच गज मोजायला गेला आणि जागीच ठार झाला. आभाळातली वीज तीच आहे, हे त्याच्या प्राणाने सिद्ध झाले. आपल्या वाचकांनी, विशेषतः छोट्या वाचकांनी, पावसाळी ढगात पतंगाचा प्रयोग कधीही करू नये, हे इथेच सांगून ठेवतो.

पायाळू माणसाबद्दलच्या आपल्या समजुतीला कमी लेखणाऱ्यांनी त्या काळच्या युरोपकडेही पाहावे. वादळ आले की चर्चच्या उंच मनोऱ्यात जाऊन घंटा वाजवायची, म्हणजे वीज दूर पळते, असे तिथे मानीत. गावातली सर्वांत उंच इमारत, आत धातूची घंटा आणि तिची ओली दोरी हातात धरून उभा माणूस! १७८४ साली जर्मनीत छापलेल्या एका पुस्तकात हिशेब आहे, की ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजवणारे १०३ जण मेले. घंटेच्या श्रद्धेने माणूस मरणाच्या वाटेवर उभा राही. पायाळूच्या समजुतीने निदान एक मूल तरी घरात येते. तिचा दोष निराळा आहे. जो पायाळू नाही तो निर्धास्त राहतो.

मोजमाप आणले फ्रान्सच्या कूलोंबने. १७८५ साली त्याने बारीक तारेला पीळ देऊन भारित गोळ्यांमधला जोर मोजला आणि अंतर दुप्पट केले की जोर चौथाई होतो हे दाखवले. त्याच्या नावाचे एकक आज वापरात आहे. एक कूलोंब म्हणजे किती, तर असे दोन भार एक मीटर अंतरावर ठेवता आले, तर त्यांच्यातला जोर सुमारे ९ लाख टन वजनाइतका होईल! म्हणून एवढा भार कोणाला एका जागी साठवून ठेवता येत नाही. फणीवर असतो तो त्याचा काही कोट्यंशच भाग. घोंगडीच्या ठिणगीत दाब काही हजार व्होल्टचा असूनही आपण नुसते दचकतो ते याचमुळे. दाब मोठा, पण माल थोडा.

इकडे आपल्या डोंगराळ मुलखात माणसाने वाहती केलेली वीज प्रथम आली ती तारायंत्राच्या रूपाने. ओशॉनेसी या कलकत्त्याच्या डॉक्टर-प्राध्यापकाने १८३९ साली तिथल्या वनस्पती उद्यानाजवळ तारा ताणून प्रयोग केले होते. त्याच्याच देखरेखीखाली १८५४ मध्ये मुंबई आणि आग्रा तारेने जोडली गेली. शहापूरवरून थळघाट चढणारा आग्रा रस्ता हा त्या दोन शहरांचा राजमार्ग. खांबांवरच्या चिनीमातीच्या टोप्या म्हणजे ग्रेचा रेशमी धागा आणि त्यांवरून गेलेली तार म्हणजे त्याची सुतळी. पण उघड्या माळावरून मैलोगणती गेलेली तार आभाळातल्या विजेलाही आमंत्रण देते. तारेवर वीज उतरली की तारघरातील यंत्रे जळत. म्हणून तारेच्या टोकाशी जमिनीत जाणारी निराळी वाट ठेवावी लागे. फ्रँकलिनची पणतू-खापरपणतू शोभावी अशी ही सोय होती.

पुढे १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजघर सुरू झाले, मागून भिवपुरी आणि भिरा. सह्याद्रीवर साठवलेले पाणी खाली सोडून केलेली ही वीज मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे जाई. तिच्या वाटेतल्या खेड्यांत घरोघर रॉकेलच्या चिमण्याच होत्या. १९४२ च्या चळवळीत माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने हेच मनोरे पाडण्याचे काम हाती घेतले, कारण मुंबईतले युद्धसाहित्याचे कारखाने या तारांवर चालत. १९४३ च्या जानेवारीच्या २ तारखेला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. सिद्धगडाला दर वर्षी लोक या हुतात्म्यांना वंदन करायला जातात. विजेच्या इतिहासात मुरबाडचे नाव घ्यायचे तर ते असे घ्यावे लागते.

आता पुन्हा ढगाकडे जाऊ. फणीला केस घासतात. ढगाला काय घासते? या प्रश्नावर दोन मोठ्या शास्त्रज्ञांचा पुष्कळ वर्षे वाद झाला आणि त्याची एक बाजू आपल्याच देशात उभी राहिली. जॉर्ज सिम्पसन हा हिंदुस्थानच्या हवामान खात्यात १९०६ पासून सिमल्याला होता. तिथल्या पावसाळ्यात थेंबांवरचा भार मोजून त्याने १९०९ मध्ये मांडले, की पावसाबरोबर धन भार अधिक उतरतो. मोठा थेंब वाऱ्याने फुटला की त्याचे तुकडे धन होतात; तेव्हा ढगाच्या तळाशी धन भार असतो. स्कॉटलंडचा सी. टी. आर. विल्सन दुरून विद्युत्‌क्षेत्र मोजून नेमके उलटे सांगत होता: ढगाचा माथा धन, तळ ऋण. दोघेही जिद्दी आणि दोघांचीही मोजमापे चोख. अखेर १९३७ साली सिम्पसननेच स्क्रेझ या सहकाऱ्याबरोबर ढगांत फुगे सोडून मोजणी प्रसिद्ध केली. माथ्यावर धन, खालच्या थरात मोठा ऋण, आणि अगदी तळाशी, पाऊस पडतो तिथे, धन भाराचा एक छोटा खिसा! विल्सन मोठ्या चित्रात बरोबर होता आणि सिम्पसनला सिमल्यात जे दिसले तेही खोटे नव्हते. आपल्याच फुग्यांनी विल्सनची बाजू खरी ठरवावी आणि ती आपणच छापावी, हे मला त्या फुग्यांइतकेच मोलाचे वाटते.

आज असे मानतात की ढगातले घर्षण बर्फाचे आहे. कडक ऊन, दमट हवा आणि वर थंडी असा योग ऑक्टोबरात आला की ढग दहाबारा किलोमीटर उंच चढतो. खाली खाचरात घाम येत असतो तेव्हा डोक्यावर पाच-सहा किलोमीटरवर पाणी गोठत असते. तिथे जाड, भुसभुशीत गारकण खाली येतात आणि बारीक हिमकण वाऱ्याबरोबर वर जातात. दोघे आदळतात, इलेक्ट्रॉनांची देवघेव होते. गारकण बहुधा ऋण होऊन मधल्या थरात राहतात, हिमकण धन होऊन माथा गाठतात. कोट्यवधी फण्या आणि कोट्यवधी केस, एवढाच काय तो फरक. ढगाचा ऋण पोट जमिनीवर आला की त्याच्याखालच्या जमिनीत धन भार गोळा होतो, कारण विजातीयांचे पटते. द्यु फेच्या वर्खाचीच ही गोष्ट. मग ढगातून भाराची एक वाट साधारण पन्नास-पन्नास मीटरांच्या टप्प्यांनी, नागमोडी, खाली उतरू लागते. ती जवळ आली की जमिनीवरच्या उंच आणि टोकदार वस्तूंतून, ताडातून, मंदिराच्या कळसातून, माळावर एकट्या उभ्या माणसातून, धन भाराच्या छोट्या शाखा वर निघतात. ज्या शाखेची गाठ आधी पडेल तिथून वीज वाहते. तीस हजार अँपिअरच्या आसपासचा प्रवाह, वाटेतली हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापलेली; ती हवा स्फोटासारखी फाकते, तो गडगडाट. हे सारे सेकंदाच्या लहानशा भागात होते. जन्म डोक्याकडून झाला की पायांकडून, हे विचारायला त्या वाटेला सवड नसते. ती पाहते आसपासच्या मानाने उंची.

म्हणून खाचरात सापडलेल्याने झाडाखाली धावणे हा सर्वांत वाईट विचार. झाड वाहक असते, पण माणसाइतके चांगले नसते. खोडाने उतरणारी वीज शेजारच्या ओल्या माणसाकडे उडी घेते. बैल अधिक का मरतात, तेही ग्रेच्या सुतळीवरून कळते. वीज झाडात शिरून जमिनीत पसरते तेव्हा जवळच्या आणि दूरच्या मातीत दाबाचा फरक पडतो. बैलाचे पुढचे-मागचे पाय दूर असल्याने तो फरक त्याच्या छातीतून वाहतो. म्हणून माणसाने पाय जुळवून, उकिडवे बसून राहावे. आडवे मात्र झोपू नये. पक्के घर किंवा बंद मोटारगाडी हा खरा आसरा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले तर ती एक किलोमीटरवर पडली, तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर काम तसेच टाकून निघावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास खाचरात परतू नये. अंगावरचे केस उभे राहिले, कातडीला मुंग्या आल्या, तर समजावे की आपणच फणीजवळचा कपटा झालो आहोत. त्या क्षणी खाली बसावे.

आणखी एक गोष्ट पाड्यापाड्यांवर सांगण्यासारखी आहे. वीज पडलेल्या माणसाला शिवू नये, त्याच्या अंगात वीज असते, असे पुष्कळांना वाटते. त्याला शेणात पुरून ठेवले म्हणजे वीज उतरते असे मानण्याची चालही देशात काही भागांत आहे. दोन्हींत जीव जातो. शरीर वाहक आहे. भार त्यातून गेला तो जमिनीत गेला, मागे काही उरत नाही. थांबलेले असते ते हृदय किंवा श्वास. छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन तो चालू करण्याचा प्रयत्न तिथेच, लगेच करायचा असतो, आणि लगोलग दवाखाना गाठायचा असतो. विजेच्या तडाख्यात सापडलेली पुष्कळ माणसे वाचतात. आपल्या देशात वीज पडून दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांतली बहुतेक शेतात राबणारी असतात.

पुण्याला १९६२ साली स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानाच्या संस्थेने देशभर विजेचे वेध घेणारी यंत्रे बसवली आहेत. वीज पडली की रेडिओलहरी निघतात. निरनिराळ्या ठिकाणी त्या कोणत्या क्षणी पोहोचल्या यावरून ती कुठे पडली ते काढता येते. त्याच संस्थेने केलेले ‘दामिनी’ नावाचे ॲप भ्रमणध्वनीवर घेतले तर आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरांत वीज पडते आहे का, याचा इशारा थोडा आधी मिळतो. घाटाच्या कुशीतल्या काही पाड्यांवर आवाजाची रेघच मिळत नाही, ही अडचण वेगळी. तिथे अजून आजोबाच्या डोंगरामागचा ढगच पाहावा लागतो.

आणि एवढे सगळे कळूनही ढगातली पहिली ठिणगी कशी पडते, याचा निकाल लागलेला नाही. कोरड्या हवेतून ठिणगी उडायला दर मीटरला तीस लाख व्होल्टच्या आसपास दाब लागतो. फुगे, विमाने आणि अग्निबाण पाठवून ढगांत मोजलेला दाब त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच भरतो. कोणी म्हणतात हिमकणांच्या टोकांशी तो एकवटतो. कोणी म्हणतात अंतराळातून येणारे वेगवान कण हवेत वाट पाडून जातात आणि वीज त्या वाटेने निघते. पौषातल्या घोंगडीची ठिणगी का उडते हे शहापूरच्या शाळेतले मूल सांगू शकते. माहुलीवरच्या ढगातली पहिली ठिणगी कशी उडते, यावर शास्त्रज्ञांची भांडणे अजून चालू आहेत.